पात्रवर्ग, सामर्थ्य आणि कथनाचा अधिकार : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या संदर्भात

१

ज्या खेळात खेळाडू एकमेकांना हरवत नाहीत, त्या खेळात 'अधिक बलवान कोण' हा प्रश्न वस्तुतः निरर्थक ठरायला हवा. अद्भुतरम्य भूमिका-खेळांत चार-पाच खेळाडू एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार जग आणि त्यातील संकटे उभी करतो. आणि ही पात्रे मिळून त्या संकटांना सामोरी जातात. रॉजे कायवा याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड असे चार गट पाडले. त्या वर्गीकरणात हा खेळ मुख्यतः अनुकरणाच्या गटात आणि फाशांमुळे काही अंशी दैवाच्या गटात बसतो. पात्रापात्रांमधील स्पर्धा त्याच्या प्रयोजनात नाही. असे असूनही १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाल्यापासून आजवर, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, योद्धा श्रेष्ठ की जादूगार, हा वाद या खेळाच्या प्रत्येक आवृत्तीत नव्याने उपस्थित होत आला आहे. किंबहुना आवृत्त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या वादाला दिलेल्या उत्तरांचाच इतिहास आहे.

या वादाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली अंकगणिताची. एका फेरीत कोणता पात्रवर्ग शत्रूची किती हानी करतो, याची सरासरी काढून ती वर्गांची क्रमवारी लावते. दुसरी रीत या अंकगणिताला तुच्छ लेखते : खेळ कथेसाठी आहे, आकड्यांसाठी नाही, कथा चांगली झाली की बलाबलाचा प्रश्न उरत नाही, असे तिचे म्हणणे. या दोन्ही रीती परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. सामर्थ्य म्हणजे मारक शक्ती, आणि ती कथेच्या बाहेरची गोष्ट, असे दोघीही धरून चालतात. हे गृहीतकच तपासण्याची आवश्यकता आहे. या प्रकारच्या संहितेत सामर्थ्य हा कथनाचाच एक घटक आहे : कथेत काय घडले हे ठरविण्याचा कोणाला किती अधिकार, याचे ते माप आहे.

हा प्रश्न मुळात उद्भवला कसा, हेही पाहिले पाहिजे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या या खेळाची पाळेमुळे सैनिकांच्या लहान प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात आहेत. गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' (१९७१) या नियमपुस्तिकेच्या अद्भुतरम्य पुरवणीत 'हिरो' हा मोहरा चार माणसांच्या आणि 'सुपरहिरो' आठ माणसांच्या तोलाचा मानलेला आहे. जादूगार हा आणखी एक मोहरा. तेथे एकच खेळाडू अनेक मोहऱ्यांचे सैन्य चालवितो. मोहरे विषम असले तरी त्यांची गुणांत किंमत लावून दोन सैन्यांची बेरीज जुळविता येते आणि विषमतेचा हिशेब तेथे मिटतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने एका खेळाडूला एकच मोहरा दिला, आणि त्या मोहऱ्याचे पात्र झाले. बेरीज करावयास दुसरे काही उरलेच नाही. जी विषमता सैन्यात केवळ वैविध्य होती, ती आता माणसामाणसांतील विषमता झाली. सामर्थ्याच्या वादाचे बीज या रूपांतरात आहे.

२

१९७४ च्या मूळ खेळात तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि पुरोहित. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने चोर आणला. 'पात्रवर्ग' ही संज्ञा येथे काळजीपूर्वक समजून घ्यावयास हवी. आपल्या नाट्यशास्त्रातील धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशान्त हे नायकांचे प्रकार प्रकृतीवरून पडलेले आहेत. नायक कसा आहे, हे ते सांगतात. या खेळातील वर्ग पात्र कसे आहे हे सांगत नाही. ते काय करू शकते, एवढेच सांगतो. भित्रा योद्धा आणि उदार चोर येथे पूर्णपणे संभवनीय आहेत. म्हणून पात्रवर्गाचे नाते स्वभावचित्रणाशी जुळत नाही. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन लोककथांच्या अभ्यासात मांडलेल्या कार्यक्षेत्राच्या कल्पनेशी ते अधिक जुळते. कथेतील कोणत्या कृती कोणाच्या वाट्याच्या, याची ती वाटणी आहे.

ही वाटणी विषम आहे याची जाणीव आरंभीच्या रचनाकारांना होती. त्यांचा उपाय कालिक होता. विषमता एका क्षणी तोलायची नाही, ती पात्राच्या संपूर्ण आयुष्यावर पसरून तोलायची. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या ग्रंथात योद्ध्याला प्रत्येक पातळीमागे दहा बाजूंचा फासा टाकून प्राणशक्ती मिळते, जादूगाराला चार बाजूंचा. पहिल्या पातळीचा जादूगार दिवसातून एकच मंत्र म्हणू शकतो आणि आठ बाजूंच्या फाशाने मोजल्या जाणाऱ्या तलवारीच्या एका घावात तो सहज मरतो. आरंभी योद्धा त्याला जपतो, अखेरीस तो योद्ध्याला जपतो, असा हा दीर्घ मुदतीचा करार आहे.

या कराराचे दुसरे कलम अनुभवगुणांच्या तक्त्यात आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसरी पातळी गाठण्यासाठी चोराला १,२५० गुण लागतात, पुरोहिताला १,५००, योद्ध्याला २,००० आणि जादूगाराला २,५००. म्हणजे अधिक सामर्थ्याची किंमत अधिक विलंबाने मोजावी, असे तत्त्व येथे दिसते. परंतु तक्ता पुढे वाचत गेल्यास हे तत्त्व मध्येच सुटलेले आढळते. सातवी पातळी गाठण्यास योद्ध्याला ६४,००० गुण लागतात, तर जादूगाराला ६०,०००. योद्धा २,५०,००० गुणांना नववी पातळी गाठतो, तेव्हा तितक्याच गुणांत जादूगार दहाव्या पातळीवर पोहोचलेला असतो. ज्या टप्प्यावर जादूगाराचे दौर्बल्य संपते, नेमक्या त्याच टप्प्यावर त्याचा विलंबही संपतो. सामर्थ्यासाठी आकारलेले मूल्य सामर्थ्य हाती आल्यावर परत केले जाते, असाच याचा अर्थ. कालिक समतोलाचा दावा तक्त्याच्या पहिल्या निम्म्या भागापुरताच खरा आहे.

शिवाय या कराराला एक गृहीत आवश्यक होते : तीच माणसे, तीच पात्रे, वर्षानुवर्षे एकत्र खेळत राहतील. मोहीम तिसऱ्या पातळीवर थांबली तर जादूगाराच्या खेळाडूने केवळ दुर्बलता भोगली. ती बाराव्या पातळीवर सुरू झाली तर त्याने काहीच सोसले नाही. कादंबरीचा लेखक आरंभ आणि शेवट आपल्या हाती ठेवतो, म्हणून तो पात्राच्या पूर्वार्धातील दैन्याची भरपाई उत्तरार्धात करू शकतो. ज्या कथनाचा शेवट कोणाच्याच हाती नाही, त्यात अशी भरपाई केवळ आश्वासन म्हणून राहते.

३

या विषमतेचे वर्णन करणारे एक सूत्र खेळाडूंमध्ये रूढ आहे : योद्धा सरळ रेषेने वाढतो, जादूगार वर्गाच्या गतीने. १९७८ च्या नियमांतून हे सूत्र पडताळता येते. पाचव्या पातळीचा जादूगार तिसऱ्या श्रेणीचा एक मंत्र म्हणू शकतो. तो अग्निगोलक असेल तर सहा बाजूंचे पाच फासे, म्हणजे सरासरी साडेसतरा इतकी हानी. दहाव्या पातळीवर त्या श्रेणीचे मंत्र तीन होतात आणि प्रत्येक अग्निगोलकाचे फासे दहा. पस्तीसची सरासरी तीनदा, म्हणजे १०५. पातळी दुप्पट झाली, पण या एका श्रेणीपुरती हानी सहापट झाली; चौथ्या आणि पाचव्या श्रेणीचे मंत्र आणखी वेगळे. मंत्रांची संख्या आणि प्रत्येक मंत्राचे बळ ही दोन्ही एकाच वेळी वाढतात आणि त्यांचा गुणाकार होतो. योद्ध्याला मात्र सातव्या पातळीवर दोन फेऱ्यांत तीन आणि तेराव्या पातळीवर एका फेरीत दोन आघात मिळतात.

हे गणित बरोबर आहे; परंतु ते प्रश्नाच्या पृष्ठभागावरच थांबते. योद्ध्याच्या आघातांची संख्या वाढवून दोघांची सरासरी जुळविली, तरी विषमता संपत नाही. ती कोठे आहे हे पाहण्यासाठी युद्धाबाहेरचा एक साधा प्रसंग घेतलेला बरा. तळघरातील एका बंद दारासमोर तीन पात्रे उभी आहेत.

योद्धा म्हणतो, 'मी दाराला धक्का देतो.' १९७८ च्या नियमानुसार सामान्य बळाच्या पात्राला सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडावा लागतो. बळाचा अंक १६ वा १७ असला तरी १ ते ३, म्हणजे निम्मीच शक्यता. चोर म्हणतो, 'मी कुलूप उघडून पाहतो.' पहिल्या पातळीवर त्याला शंभरात पंचवीस संधी आहे. आणि जादूगार दार उघडण्याचा आपला 'नॉक' हा मंत्र म्हणतो. दार उघडते.

या तीन वाक्यांतील फरक शक्यतेच्या टक्केवारीचा नाही, वाक्यप्रकाराचा आहे. योद्ध्याचे आणि चोराचे वाक्य प्रयत्न सांगते. त्याचे पर्यवसान कशात होते, हे फासा आणि सूत्रधार ठरवितात. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर त्यांची क्रिया सदैव विध्यर्थात अडकलेली असते : दार उघडावे. जादूगाराचे वाक्य स्वार्थात असते : दार उघडले. जे. एल. ऑस्टिनच्या १९६२ च्या ग्रंथाने भाषाविचारात एक भेद रूढ केला. काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करतात, तर काही उच्चार स्वतःच कृती असतात. सभा तहकूब केल्याचे अध्यक्षांनी म्हटले की सभा तहकूब होते. मंत्र हा अशा कृतिरूप उच्चाराचा शुद्ध नमुना होय. त्याला ऑस्टिनने सांगितल्यासारख्या यशस्वितेच्या अटीही आहेत : शब्द, हातवारे आणि सामग्री लागते, ज्याच्यावर मंत्र टाकला त्याला अनेकदा प्रतिकाराचा फासा मिळतो, आणि जुन्या नियमांत मंत्रोच्चार चालू असताना घाव बसला तर मंत्र वाया जातो. तथापि अटी पूर्ण झाल्यावर मात्र जादूगाराच्या बाजूने एक छापील परिच्छेद उभा राहतो. मंत्राचा पल्ला किती, अवधी किती, परिणाम कोणता, हे त्यात लिहिलेले असते. सूत्रधाराला तो परिच्छेद मान्य करावा लागतो.

योद्ध्यामागे असा परिच्छेद नसतो. त्याला झुंबराला लटकून पलीकडे जायचे असेल, शत्रूच्या डोळ्यांत वाळू फेकायची असेल, तर त्याला ते सूत्रधारापुढे मांडून निवाड्याची वाट पाहावी लागते. सूत्रधार उदार असेल तर योद्धा थोर. कंजूष असेल तर दुबळा. एकाजवळ सनद आहे, दुसऱ्याला दर वेळी अर्ज करावा लागतो. सामर्थ्याची तुलना करताना जे तोलले पाहिजे ते हे आहे.

'कुशल सूत्रधार हा भेद बुजवू शकतो' हा आक्षेप येथे अपेक्षित आहे, आणि तो अनुभवाला धरूनही आहे. परंतु त्यातून सिद्ध होते ते विरुद्धच. जो दोष भरून काढण्यासाठी प्रत्येक टेबलावर एका माणसाचे कौशल्य खर्ची पडते, तो दोष संहितेत आहे याचीच ती कबुली असते. नटाने सावरून घेतलेला प्रवेश नाटककाराने चांगला लिहिला होता, असे नाट्यसमीक्षा म्हणत नाही.

४

योद्ध्याला सनद का मिळाली नाही, याचे उत्तर रचनाकारांच्या हलगर्जीपणात शोधणे अन्यायाचे होईल. ते या खेळाने ज्या साहित्यातून आपली पात्रे घेतली त्या साहित्यात आहे. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात गायगॅक्सने प्रेरणादायी लेखकांची एक यादी जोडली आहे. तीत रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स ही नावे ठळक आहेत. १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या हॉवर्डच्या कॉननकथांत जादूगार बहुधा खलपुरुष असतो. त्याचे सामर्थ्य अफाट असते. परंतु कथेची सहानुभूती, दृष्टिकोन आणि शेवट ही तिन्ही तलवारबहाद्दराच्या बाजूला असतात. सामर्थ्य एकाकडे आणि कथा दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी. प्रॉपच्या लोककथांतही चमत्काराची शक्ती प्रायः दात्याकडे किंवा साहाय्यकाकडे असते. नायकाला ती प्रसंगापुरती मिळते. टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४–५५) गॅन्डाल्फ हा चमूतील सर्वांत समर्थ. पण मोरियाच्या खाणीत लेखक त्याला कथेतून दूर करतो, आणि तो दूर असतानाच इतरांना आपापले मोठेपण सापडते.

म्हणजे या साहित्यप्रकाराजवळ विषमता पेलण्याचे स्वतःचे उपाय होते. लेखकाचा पक्षपात हा एक, आणि समर्थ पात्राची अनुपस्थिती हा दुसरा. खेळाने पात्रे उचलली आणि त्यांचे सामर्थ्यही जसेच्या तसे उचलले. पण हे दोन उपाय त्याला उचलता आले नाहीत. पक्षपात करणारा लेखकच तेथे नाही. आणि गॅन्डाल्फला खाणीत पाडायचे म्हटले तर त्याची भूमिका करणाऱ्या माणसाने चार संध्याकाळ काय करायचे? कादंबरीत पात्रापात्रांतील विषमता हा अन्याय नसतो, कारण दुय्यम पात्रामागे दुय्यम ठरलेला माणूस नसतो. येथे तो असतो.

याच वारशातून दुसरी एक अडचण आली. एकाच कथाविश्वात दोन वेगळ्या संकेतव्यवस्था नांदू लागल्या. जादूगाराला वास्तवाचा नियम लागू नाही; तो हवेत उडतो, भिंतीतून जातो, आणि कोणी 'हे कसे शक्य आहे' असे विचारीत नाही. योद्धा मात्र वास्तववादी कथेतील माणूस आहे. त्याने तीस फूट उडी मारली, तर तत्काळ संभवनीयतेचा प्रश्न उपस्थित होतो. अद्भुताची सवलत एकालाच मिळते आणि वास्तवाचा कर दुसऱ्यालाच भरावा लागतो. विसाव्या पातळीचा योद्धा, ज्याने आधीच कित्येक राक्षस मारले आहेत, तोही शरीराने शेजारच्या तालमीतला मल्लच राहावा, असा हा आग्रह आहे.

ही फाळणी अद्भुतरम्य कथनाची अपरिहार्य अट नव्हे. महाभारतात शस्त्र आणि मंत्र हे दोन वर्ग नाहीत. अर्जुन योद्धा आहे म्हणूनच त्याच्याजवळ मंत्राने चालणारी अस्त्रे आहेत; अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मास्त्र मंत्रून सोडतो; आणि भीमाजवळ मंत्र नसला तरी त्याच्या बळाला मानवी शरीराची मोजपट्टी कोणी लावीत नाही. मंत्र वापरताच स्मृतीतून पुसला जातो, ही या खेळातील व्यवस्था व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ'मधून (१९५०) आली आहे. मराठी वाचकाला तिच्यावरून परशुरामाच्या शापाने ऐन वेळी अस्त्रविद्या विसरणारा कर्ण आठवणे साहजिक आहे. पण कर्णाच्या विस्मरणात शोकांतिका आहे, कारण तेथे मंत्र गमावणारा आणि रथचक्र उपसणारा एकच आहे. व्हान्सच्या जादूगाराचे विस्मरण हा केवळ साठ्याचा हिशेब. तलवार आणि मंत्र दोन वेगळ्या माणसांना देणे ही विसाव्या शतकातील एका विशिष्ट आंग्ल-अमेरिकन कथापरंपरेची निवड होती. खेळाने ती निसर्गनियमासारखी स्वीकारली.

५

पुढील आवृत्त्यांचे उपाय या दृष्टीने तपासता येतात. मूळ कंपनी 'टीएसआर' १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. तिने अनुभवगुणांचा तक्ता सर्व वर्गांना एकच केला. ही समता दिसते खरी. पण विलंबाची किंमत, जी निदान पूर्वार्धात आकारली जात होती, तीही तिने माफ केली. शिवाय मंत्रोच्चार करताना घाव बसला तरी एकाग्रतेच्या फाशावर मंत्र वाचविता येऊ लागला, आणि मंत्रलेख व मंत्रकांड्या स्वतः तयार करण्याची सोय जादूगाराला सहज मिळाली. दाराच्या दृष्टान्तात सांगायचे तर 'नॉक'ची पन्नास वेळा चालणारी कांडी विकत वा करून घेता येते. मग कुलुपे उघडणाऱ्याचे काम काय? २००३ च्या सुधारित नियमांत हा मंत्र उभे लोखंडी फाटक वर उचलत नाही, अशी मर्यादा आहे. योद्ध्याच्या बाहूंसाठी एवढीच जागा शिल्लक राहिलेली दिसते.

याच आवृत्तीच्या जाणकार खेळाडूंनी पुढे सर्व वर्गांची सहा श्रेणींत मांडणी केली. समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व क्रमवारीत नाही, निकषात आहे. जादूगार, पुरोहित आणि ड्रुइड पहिल्या श्रेणीत, तर योद्धा आणि भिक्षू पाचव्या श्रेणीत आले, ते हानीच्या सरासरीवरून नव्हे. किती प्रकारच्या प्रसंगांत हा वर्ग निर्णायक काही करू शकतो, असा प्रश्न विचारला गेला. अंकगणिताच्या परंपरेतूनच अंकगणिताची अपुरेपणा दाखविणारा निकष पुढे यावा, ही लक्षणीय घटना आहे. भाट हा मारक शक्तीने मध्यम असलेला वर्ग तेथे योद्ध्याच्या वर, तिसऱ्या श्रेणीत जातो, हे त्या निकषाचे फळ.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने मुळावर घाव घातला. प्रत्येक वर्गाला सदैव वापरता येणाऱ्या, चकमकीत एकदा वापरता येणाऱ्या आणि दिवसातून एकदा वापरता येणाऱ्या शक्ती एकाच साच्यात दिल्या. योद्ध्यालाही प्रथमच परिच्छेद मिळाले : आघात बसला की शत्रू एक चौकोन मागे हटतो, असे त्याच्या बाजूने लिहिले गेले. 'नॉक' हा वेळ आणि खर्च मागणारा विधी झाला. सनदेची समता खऱ्या अर्थाने येथे आली. तरीही ही आवृत्ती अनेक जुन्या खेळाडूंना परकी वाटली, आणि २००९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभारलेल्या 'पाथफाइंडर'ने त्यांना सामावून घेतले. त्यांची मुख्य तक्रार सर्व वर्ग एकसारखे झाले, अशी होती. ती पूर्णतः न्याय्य नाही. कारण शक्तींचा आराखडा एक असला तरी आशय भिन्न होता. पण तिच्यात सत्यांश आहे. तलवारीचा एक डाव दिवसातून एकदाच का करता येतो, याचे कथेतून उत्तर मिळत नव्हते. समता आली ती जादूगाराची साठ्याची भाषा योद्ध्याला देऊन. योद्ध्याची स्वतःची भाषा घडविली गेली नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने जुना भेद परत आणला आणि त्याला बंधने घातली. अनेक महत्त्वाचे मंत्र टिकविण्यासाठी एकाग्रता लागते आणि एका वेळी असा एकच मंत्र टिकतो. अग्निगोलक ठरावीक आठ फाशांचा झाला. आणि 'नॉक'ने दार उघडते खरे, पण तीनशे फुटांवर ऐकू जाईल असा आवाज होतो. हा शेवटचा उपाय विशेष मार्मिक आहे. मंत्राची सनद काढून घेतलेली नाही. तिला कथेतच परिणाम जोडला आहे, आणि त्यामुळे हळुवार हाताने कुलूप काढणाऱ्या चोराच्या कामाला पुन्हा अर्थ आला आहे. दुसरीकडे या आवृत्तीचा एकंदर समतोल दिवसाला सहा ते आठ चकमकी घडतील, या २०१४ च्या सूत्रधारग्रंथातील अपेक्षेवर उभा होता. विसाव्या पातळीच्या जादूगाराजवळ दिवसाचे बावीस मंत्रोच्चार असतात. दिवसात दोनच चकमकी झाल्या तर त्याला काटकसर करावी लागत नाही. आयुष्यावर पसरलेला करार आता दिवसावर आला, एवढेच. २०२४ च्या सुधारित ग्रंथाने शस्त्रांना प्रावीण्याचे गुण दिले. विशिष्ट शस्त्राचा आघात बसला की योद्धा शत्रूला दहा फूट मागे ढकलू शकतो, असे आता नियमच म्हणतो. दिशा योग्य आहे. परंतु ही सनद रणांगणाच्या हद्दीपुरतीच आहे. दारासमोर योद्धा अजूनही फाशाची वाट पाहतो.

या सर्वांहून वेगळा विचार 'आर्स मॅजिका'ने (१९८७) केला होता. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या या खेळात जादूगार हा इतरांहून समर्थ आहे, हे लपविलेले नाही. उपाय पात्रांच्या तुलनेत शोधलेला नाही, तर पात्र आणि खेळाडू यांच्या नात्यात. प्रत्येक खेळाडूजवळ एक जादूगार, एक सहचर आणि समाईक साधे सैनिक असतात. आज ज्याने जादूगार केला तो उद्या सैनिक करील. पात्रांत विषमता, खेळाडूंत समता. ज्या विषमतेतून युद्धखेळाचा भूमिका-खेळ होताना प्रश्न जन्मला, तिथेच हा उपाय परत जातो, कारण 'एका माणसाला एकच मोहरा' हे बंधनच तो सैल करतो. हाच ट्वीट पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या तीन मुख्य रचनाकारांपैकी एक होता, आणि तिच्यात मात्र हा विचार उतरला नाही. बाजारात नाव असलेल्या संहितेत तिची मूळ गृहीतके बदलणे किती अवघड असते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

६

या विवेचनातून पात्रवर्गांची नवी क्रमवारी निघत नाही. ती काढणे हे समीक्षेचे काम नव्हे. निघतो तो तुलनेचा निकष. कोणत्याही पात्रवर्गाविषयी तीन प्रश्न विचारावे लागतील. त्याच्या वतीने संहितेत काय लिहिलेले आहे आणि काय सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेले आहे? त्याच्या कृतीला कोणत्या साहित्यप्रकाराची संभवनीयता लावली जाते? आणि त्याच्या दौर्बल्याची भरपाई कोणत्या काळात, कोणाच्या भरवशावर होणार आहे? मारक शक्तीची सरासरी यांतील एकाचेही उत्तर देत नाही. तिचा उपयोग आहे तो लक्षणासारखा. ज्वराचा आकडा रोग सांगत नाही, पण रोग आहे हे सांगतो.

कथनमीमांसेसाठीही येथे एक विचारणीय भाग आहे. कादंबरी आणि नाटक यांच्या आधारे घडलेल्या आपल्या पात्रविचारात पात्राचे महत्त्व ठरविण्याचा अधिकार लेखकाचा, हे इतके गृहीत आहे की त्याची स्वतंत्र चर्चा होत नाही. प्रमुख पात्र, दुय्यम पात्र, पार्श्वभूमीचे पात्र या श्रेणी आपण निर्हेतुकपणे वापरतो. ज्या कथनात प्रत्येक पात्रामागे एक जिवंत वाचक-लेखक बसलेला आहे, तेथे याच श्रेणी न्यायाचा प्रश्न होतात. 'पात्र' आणि 'पात्रता' हे शब्द मराठीत एकाच धातूच्या घरातले आहेत; एखाद्या पात्राने कथेत काय करावे याची पात्रता कोण ठरवितो, हे या खेळांच्या नियमग्रंथांत पानोपानी उघडपणे लिहिलेले असते, तर कादंबरीत ते लेखकाच्या निवडीत लपलेले असते.

योद्ध्याच्या खेळाडूची पन्नास वर्षांची तक्रार म्हणूनच बालिश ठरवून चालणार नाही. त्याला अधिक हानी करावयाची आहे, असे तो म्हणतो, कारण नियमग्रंथाने त्याला तेवढीच भाषा शिकविली आहे. त्याची खरी मागणी वेगळी आहे. चार माणसे मिळून जी कथा सांगत आहेत, तिच्यातील काही वाक्ये त्यालाही कोणाची परवानगी न घेता पूर्ण करावयाची आहेत. ही मागणी मान्य करताना योद्ध्याला जादूगार न करणे, हे या प्रकारच्या रचनाकारांपुढील अवघड काम आहे, आणि आजवरच्या आवृत्त्यांपैकी एकीलाही ते पूर्णपणे साधलेले नाही.